हँडलाला शिंगे

आजचा पाठ सायकलीचा आहे. पण त्याची सुरुवात पाटी-पेन्सिलीपासून होते.

आमचे पिंपळगाव रेणुकाई भोकरदन तालुक्यात आहे. १९८१ साली जालना हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आमचा तालुका त्यात आला. गाव मिरचीच्या बाजारासाठी ठाऊक आहे. हंगामात दूरदूरच्या गाड्या येतात. रस्त्यावर ट्रॅक्टर, टेंपो, मोटारसायकली यांची गर्दी असते. त्या गर्दीतही सायकल आहेच. कोणी शेतावर जातो, कोणी शाळेला जातो, कोणी दूध घालतो.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग घेऊ लागलो. वर्गात एक दूधवाले भाऊ येत. वय पन्नाशीच्या आसपास. अक्षरे त्यांना लवकर कळली. फळ्यावरचा शब्द ते झटकन वाचत. पण लिहायला बसले की सगळे बिघडे. पेन्सिल बोटांतून निसटे. 'क' काढता काढता रेघ भलतीकडेच जाई.

एके दिवशी मी त्यांना रागावलो. म्हणालो, "भाऊ, घरी सराव करत जा. नुसते वर्गात येऊन काय होणार?"

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. ते गोठ्यात होते. खाली मान घालून म्हणाले, "गुरुजी, माझ्याच्यानं लिहिणं होत नाही. बोटंच ऐकत नाहीत. हात बधिर होऊ राहिला."

मग इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, "महारोग तर नसेल ना? घरात कोणाला सांगितलं नाही. लोक माझं दूध घेतील का?"

मला माझ्या रागावण्याची लाज वाटली. माणूस आळशी नव्हता. तो भ्यालेला होता.

भीती आणि तपासणी

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे तपासले. भाऊंना डोळे मिटायला सांगून अंगाला कापूस लावला. कुठे लावला ते विचारले. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, ते पाहिले. कोपराची नस चाचपली. ती जाड झालेली नव्हती. रक्तातली साखरही तपासली. कारण मधुमेहातही हातापायांना बधिरता येते.

मग त्यांनी विचारले, "काका, काम काय करता?"

"दूध घालतो, सायकलवर."

"किती वेळ?"

"सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास."

बाईंनी भाऊंचा तळहात उलटा केला. करंगळीच्या खाली, मनगटाजवळ जो मांसल भाग असतो, तिथे अंगठ्याने दाबले. भाऊ एकदम म्हणाले, "हां, इथंच! मुंग्या आल्या बघा."

बाई हसल्या. "तुम्हाला कुष्ठरोग नाही. हा सायकलीच्या हँडलाचा मार आहे."

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगतो. ज्याला जुने लोक महारोग म्हणत, त्याला आता कुष्ठरोग म्हणतात. तो देवाचा कोप नाही. तो जंतूंमुळे होतो आणि औषधाने पूर्ण बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. सहा महिने ते वर्षभर घ्यावे लागते. अंगावर बधिर चट्टा असेल तर लपवू नये. लवकर दाखवले तर हातपाय वाकडे होत नाहीत. भाऊंना तो रोग नव्हता, हे त्यांचे नशीब. पण असता तरी लाजण्याचे कारण नव्हते.

नस कुठे दबते?

तुमचे कोपर कधी दाराच्या चौकटीवर आपटले आहे का? आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण जाते. वीज चमकल्यासारखे वाटते. ती एक नस आहे. ती मानेपासून निघते, कोपराच्या आतल्या बाजूने येते, मनगटावरून तळहातात शिरते. करंगळी आणि तिच्या शेजारचे अर्धे बोट यांना तीच जाणीव देते. बोटे फाकवणे, जवळ आणणे, चिमटीत पेन्सिल घट्ट धरणे, या कामांतही तिचा मोठा वाटा आहे.

मनगटाजवळ ही नस एका अरुंद वाटेतून जाते. गियों नावाच्या फ्रेंच शल्यवैद्याने १८६१ साली त्या वाटेचे वर्णन केले. तिथे नसेवर फारसे मांस नसते. सायकलीच्या मुठीवर अंगाचा भार टाकला की नेमकी तीच जागा दाबली जाते. खाली रस्त्याचे खडे, खड्डे आणि गतिरोधक आहेतच. प्रत्येक धक्का हँडलातून त्या नसेवर येतो. एकदा दबली तर काही बिघडत नाही. पण रोज चार तास तीच जागा दबली तर नस थकते. आधी मुंग्या येतात, मग बधिरता येते, मग बोटांतले बळ कमी होते.

कधी अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होते. तिथली नस वेगळी आहे. ती मनगटाच्या मधोमध जाते. मनगट फार वेळ वाकवून ठेवले की ती दबते. म्हणून कोणती बोटे बधिर होतात, ते डॉक्टरांना नीट सांगावे.

पूर्वी असे का होत नव्हते?

भाऊंनी विचारले, "गुरुजी, वीस वर्षं काळी सायकल चालवली. तेव्हा काही झालं नाही. आताच का?"

प्रश्न बरोबर होता. काळी सायकल मोडल्यावर भाऊ आपल्या मुलाची सायकल वापरू लागले होते. मुलगा शिकायला शहरात गेला आणि त्याची रेंजर सायकल घरी राहिली. तिला मागे कॅरिअर बसवून भाऊंनी कॅन लावले.

दोन्ही सायकलींच्या हँडलांत फरक आहे. काळ्या सायकलीचे हँडल मागे वळलेले असते. माणूस ताठ बसतो. भार सीटवर पडतो. हात नुसते टेकलेले असतात. रेंजरचे हँडल काठीसारखे सरळ असते. माणूस पुढे झुकतो. अंगाचा बराच भार तळहातांवर येतो. शिवाय हात धरायला एकच जागा असते. तळवा खाली, बोटे पुढे, बस्स. दुसरीकडे हात न्यायचा म्हटले तर जागाच नाही.

सरळ हँडल वाईट आहे असे नाही. डोंगरातल्या वाटांवर ते उपयोगी पडते. १९७० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया प्रांतात काही तरुण जुन्या दणकट सायकली डोंगरावरून खाली पळवीत. त्यांतून डोंगरी सायकल तयार झाली. उतारावर आणि दगडधोंड्यांत रुंद, सरळ हँडल चांगले आवरते. पण दोन-दोन तास एका लयीत चालवायचे असेल तर हात अवघडतो.

लांबच्या शर्यतीच्या सायकली पाहा. त्यांचे हँडल पुढे जाऊन खाली वळलेले असते. लोकांना वाटते की ते फक्त वाऱ्यापासून वाचण्यासाठी आहे. तेवढेच नाही. त्या हँडलावर हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात. नाशिकचे डॉक्टर महेंद्र महाजन आणि डॉक्टर हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका सायकलीने ओलांडली. सुमारे ४,८०० किलोमीटरचे अंतर दोघांनी मिळून नऊ दिवसांच्या आत कापले. एवढ्या प्रवासात हात एकाच जागी ठेवून कोणाचे भागेल?

शिंगे म्हणजे काय?

सरळ हँडलावरही हाताला दुसरी जागा करता येते. हँडलाच्या दोन्ही टोकांना दोन आखूड नळ्या बसवतात. त्या पुढच्या बाजूला निघतात. दुकानदार त्यांना 'बार एंड' म्हणतात. आमच्या वर्गाने त्यांना 'शिंगे' नाव दिले. पुढून पाहिले तर सायकल खरेच गोऱ्ह्यासारखी दिसते.

शिंगांचा फायदा कळायला एक गोष्ट करा. टेबलावर दोन्ही तळवे पालथे ठेवा. हा सरळ हँडलावरचा हात. आता पाण्याने भरलेला पेला हातात धरा. अंगठा वर आला, तळवे समोरासमोर आले. हा शिंगांवरचा हात. दुसऱ्या रीतीत मनगट सरळ राहते आणि भार तळव्याच्या वेगळ्या भागावर जातो. दबलेल्या नसेला विसावा मिळतो.

नीट लक्षात घ्या. शिंगांवरची जागा पहिलीपेक्षा फार श्रेष्ठ आहे असे नाही. बदल मिळतो, हा तिचा गुण. थोडा वेळ मुठीवर, थोडा वेळ शिंगांवर. खांद्यावरचे ओझे आपण या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतो, तसेच हे आहे. ओझे तेच राहते, पण खांद्याला दम मिळतो.

चढावर आणखी एक फायदा होतो. शिंगे धरून थोडे पुढे झुकले की हाताने ओढता येते. पायडलावर चांगला जोर बसतो.

आधी फुकटचे उपाय

शिंगे विकत घेण्याआधी पुढच्या गोष्टी पाहाव्यात. यांना पैसा लागत नाही.

सीट पाहावी. सीटचे नाक खाली झुकले असेल तर अंग पुढे घसरते आणि सगळा भार हातांवर येतो. सायकल सपाट जागी उभी करून सीटवर पाटी ठेवावी. पाटी आडवी राहिली पाहिजे. भाऊंच्या सीटचे नाक चांगले दोन बोटे खाली होते.

हँडल फार खाली असेल तर वर घ्यावे. पण त्याच्या नळीवर एक खूण असते, तिच्यापलीकडे नळी बाहेर काढू नये. हँडल निखळून पडेल. नव्या धर्तीच्या काही सायकलींत हँडल असे वर येत नाही. तिथे कारागिराला विचारावे.

टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा भरू नये. किती हवा भरायची ते टायरच्या कडेला छापलेले असते. ते आता तुम्हाला वाचता येते! हवेच्या टायरची गोष्टही मौजेची आहे. डनलॉप हे बेलफास्ट शहरात जनावरांचे डॉक्टर होते. त्यांच्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला फार धक्के बसत. म्हणून त्यांनी १८८७ साली हवेचा टायर तयार केला. म्हणजे टायरमधली हवा मुळात धक्के खाण्यासाठीच आली.

कोपरे ताठ ठेवू नयेत, किंचित वाकवावी. मूठ आवळून धरू नये. ग्रिप झिजून कडक झाली असेल तर बदलावी.

शिंगे कशी बसवावी?

एवढे केल्यावर भाऊंना निम्मा आराम पडला. मग आम्ही शिंगांची जोडी आणली. ती शाळेच्या अंगणात सगळ्यांसमोर बसवली.

१. आधी हँडलाची जाडी पाहावी. सरळ हँडलाच्या टोकाची जाडी बहुधा २२ मिलिमीटरच्या किंचित वर असते. शिंगाचे कडे त्याच मापाचे हवे.

२. ब्रेकची मूठ आणि गिअरची मूठ सैल करून सुमारे दोन सेंटिमीटर आत सरकवावी. नंतर ती घट्ट करायला विसरू नये.

३. ग्रिप आत सरकवावी. ती निघत नसेल तर खाली साबणाचे पाणी सोडावे. तेल घालू नये. तेलाने ग्रिप कायम फिरत राहते. ग्रिपचे टोक बंद असेल तर पात्याने गोल कापावे.

४. उघड्या झालेल्या टोकावर शिंगाचे कडे बसवावे. पेच हाताने फिरेल इतकाच आवळावा.

५. शिंग सरळ पुढे, जमिनीला आडवे धरावे. मग त्याचे टोक दोन बोटे वर उचलावे. आकाशाकडे उभे करू नये. खालीही झुकवू नये. दोन्ही शिंगे सारखी आहेत ना, ते बाजूने पाहावे.

६. आता सहा कोनी चावीने पेच नीट आवळावा. हँडलाची नळी पातळ असते. फार जोर केला तर ती चेपते.

७. चाक दोन पायांत धरून शिंगांवर अंगाचा भार टाकावा. शिंग जरा जरी फिरले तरी पेच पुन्हा आवळावा.

ही सातवी गोष्ट मी विसरलो. पेच आवळला असे वाटले आणि ऐटीत अंगणात चक्कर मारायला निघालो. वळणावर उजवे शिंग गर्रकन फिरले. गुरुजी धुळीत! गुडघा खरचटला. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण हे रस्त्यावर ट्रॅक्टरपुढे झाले असते तर? म्हणून सांगतो, सातवी गोष्ट विसरू नका.

शिंगांची टोके उघडी असतील तर रबराची बुचे लावावी. पडताना उघडी नळी अंगात घुसू शकते.

शिंगे केव्हा धरू नयेत?

शिंगांवर हात असला की बोटे ब्रेकपासून दूर असतात. म्हणून बाजारात, उतारावर, वळणावर, मुले खेळत असतील तिथे हात मुठीवरच ठेवावेत. मोकळा, सरळ रस्ता असेल किंवा चढ असेल तेव्हाच शिंगे धरावीत.

शिंगांना पिशवी, कॅन किंवा मिरचीचे गाठोडे अडकवू नये. मोह फार होतो. पण एका बाजूला ओझे लटकले की हँडल तिकडे ओढते आणि पिशवी चाकात जाते. गर्दीतून जाताना शिंग कोणाच्या पदराला किंवा बैलाच्या दाव्याला अडकणार नाही, हेही पाहावे.

काळ्या सायकलीला आणि मुलींच्या मागे वळलेल्या हँडलाच्या सायकलीला शिंगे बसवू नयेत. त्या हँडलाची टोकेच चालवणाऱ्याकडे असतात. तिथे शिंगांचा उपयोग नाही, उलट गुडघ्याला लागतील.

पुढे काय झाले?

पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडला नाही. भाऊ खट्टू झाले. बाईंनी आधीच सांगितले होते की नस सावकाश बरी होते. काही दिवस त्यांच्या पुतण्याने दुधाची संध्याकाळची फेरी केली. भाऊ दर थोड्या वेळाने हात बदलू लागले. हळूहळू मुंग्या कमी झाल्या. दीड-दोन महिन्यांनी करंगळीला कापूस कळू लागला.

त्यांची पेन्सिल आता निसटत नाही. 'क' अजून थोडा तिरका येतो. पण दूध केंद्रावरच्या वहीत ते अंगठा देत नाहीत, सही करतात. पहिली सही केली त्या दिवशी ते मुद्दाम माझ्याकडे आले. बोटावर शाई नव्हती, तेच त्यांनी मला दाखवले.

तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ साली साक्षरतेची मोठी मोहीम झाली. तिथे बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. हजारो बायका सायकल शिकल्या. बाजाराला, पाण्याला, कामाला आपल्या आपण जाऊ लागल्या. सायकल आणि अक्षर यांचे नाते तिथे दिसले. आमच्या वर्गात ते दुसऱ्या रीतीने दिसले. सायकलीने अडवलेले अक्षर सायकल दुरुस्त केल्यावर सुटले.

मी मात्र एक धडा शिकलो. विद्यार्थ्याची रेघ वाकडी आली तर आधी त्याचा हात पाहावा, मग रागवावे. बहुधा रागवण्याची वेळच येत नाही.

ध्यानात ठेवा

हातापायाला मुंग्या किंवा बधिरता राहिली तर लपवू नका, दवाखान्यात दाखवा.
सायकलवर हात एकाच जागी फार वेळ ठेवू नका.
आधी सीट, हँडल आणि हवा पाहा. शिंगे नंतर.
गर्दीत आणि उतारावर हात ब्रेकजवळ ठेवा.

प्रश्न

१. दूधवाल्या भाऊंना कशाची भीती वाटत होती? ती त्यांनी कोणाला का सांगितली नाही?
२. काळ्या सायकलीवर हात का बधिर झाला नाही?
३. ग्रिप सरकवताना तेल का घालू नये?
४. गुरुजी कोणती गोष्ट विसरले? त्याचा परिणाम काय झाला?
५. उतारावर शिंगे का धरू नयेत?

करून पाहा

आपल्या किंवा शेजाऱ्याच्या सायकलीच्या टायरवर काय छापले आहे ते वाचा. त्यातले आकडे वहीत उतरवून घ्या. सीटवर पाटी ठेवून ती आडवी राहते का, ते पाहा. काय दिसले ते तीन ओळींत लिहून उद्या वर्गात आणा.